पाणी न होता उडून जाणारे हिम

निफाडच्या द्राक्षबागांत दवबिंदू गोठल्याची बातमी आली की ऊन पडताच बर्फ वितळल्याचाही उल्लेख होतो. निफाडपुरते ते बरोबर आहे. मात्र नाहीसे होण्यापूर्वी बर्फाचे पाणी व्हायलाच हवे, हा समज चुकीचा आहे. पंखा असलेल्या फ्रीजरमध्ये विसरलेल्या बर्फाच्या खड्यांच्या कडा काही आठवड्यांत झिजतात, खडे लहान होतात, पण ट्रेमध्ये पाण्याचा थेंबही नसतो. ही घनातून थेट वायुरूप होण्याची क्रिया म्हणजे संप्लवन. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पितीसारख्या कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात हिवाळी हिमाचा बराच भाग याच वाटेने जातो.

बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि हवेतील काही रेणू परत येऊन चिकटत असतात. हवा निश्चल असेल, तर बर्फालगतचा पातळ थर बाष्पाने भरतो, सुटणारे व परतणारे रेणू सारखे होऊ लागतात आणि घट जवळजवळ थांबते. वारा हा थर ढवळून वर नेतो, त्या जागी कोरडी हवा आणतो आणि बाष्पदाबातील, म्हणजे बाष्पामुळे पडणाऱ्या दाबातील, फरक टिकवून धरतो. त्याने हिमकणच उडवले, तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा लागून संप्लवन आणखी वाढते.

वारा बाष्प वाहून नेतो, पण संप्लवनासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग प्रारण, म्हणजे ऊन आणि न दिसणारे उष्णतेचे (अवरक्त) किरण, पुरवते. एक किलो बर्फ वितळवण्यास 334 किलोज्यूल पुरतात, तर संप्लवनास सुमारे 2834 लागतात. ताजे हिम 80 ते 90 टक्के ऊन परत पाठवते, शिवाय स्वतः अवरक्त प्रारण बाहेर टाकते, त्यामुळे हाती शिल्लक थोडीच राहते. ही निव्वळ शिल्लक चौरस मीटरला 50 वॅट धरली आणि ती सर्व संप्लवनात गेली, तर दिवसभरात दीड किलो हिम उडेल. शून्य अंशावरील हिम वितळण्यात गेली, तर सुमारे 13 किलो वितळेल. संप्लवन पृष्ठभागाची उष्णताही ओढून घेते, म्हणून लख्ख उन्हातही हिम शून्याखाली राहू शकते.

दमट हवेत चित्र उलटते. वितळत्या बर्फालगतचा बाष्पदाब 6.11 हेक्टोपास्कल असतो. हवेतील बाष्पाचा दाब त्याहून अधिक असेल, तर बाष्प बर्फावर द्रवरूप होऊन उष्णता देते आणि त्या प्रत्येक किलोमागे सुमारे साडेसात किलो बर्फ वितळतो. 2022 च्या पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या पिंडीवर बर्फ जमल्याची चित्रफीत चमत्कार म्हणून फिरली होती. तेथील पावसाळी हवेत आपोआप बर्फ जमणे शक्यच नाही. ठेवलेला बर्फही तिथे झपाट्याने वितळेल.

वितळलेले हिम लाहौलमधील चंद्रा नदीच्या प्रवाहात मोजता येते, संप्लवन झालेले तिथे पोहोचतच नाही. म्हणून पडलेल्या हिमाची केवळ जाडी पाहून उन्हाळ्यातील पाण्याचा अंदाज बांधला, तर तो फुगतो.