उमरेडचा कोळसा आणि समुद्रातल्या गर्ता

उमरेड रोडवर कोळशाच्या ट्रकमागे अडकलेला नागपूरकर जे काही बोलतो ते इथे छापता येणार नाही. पण ट्रकमधला तो माल पंचवीस ते तीस कोटी वर्षं जुना आहे, आणि जमीन खचली म्हणूनच तो टिकला.

शाळेत ‘सागरी गर्ता’ (समुद्रतळावरची लांबट, अतिखोल घळ) आणि ‘खचदरी’ हे शब्द पाठोपाठ येतात, त्यामुळे दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांची घडण अगदी उलटी. जमीन दोन्हीकडून ताणली गेली की समांतर भ्रंश, म्हणजे खडक सरकवणाऱ्या भेगा, पडतात आणि मधला पट्टा खाली बसतो, ती खचदरी. वर्धा-प्राणहिता-गोदावरीचा पट्टा असाच खचत गेला. दलदलीतली झाडं गाळाखाली गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात, मधली शीरसुद्धा स्पष्ट दिसते. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८४५च्या सुमारास नागपुरात आला आणि धर्मप्रसारासोबत असे जीवाश्म गोळा करत हिंडला. १८६३ साली टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. हिस्लॉप कॉलेजचं नाव त्याचंच.

समुद्राचा उलगडा व्हायला मात्र फार वेळ लागला. २३ मार्च १८७५ रोजी ‘चॅलेंजर’ जहाजाने मारियाना बेटांजवळ वजन बांधलेला दोर सोडला. तो ८,००० मीटरहून खाली गेला. पुढे १९५१ साली ध्वनिलहरींनी मोजल्यावर तिथली खोली जवळपास ११ किलोमीटर निघाली. पण तळ एवढा खोल का? १९२०च्या दशकात डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेझ गुरुत्वाकर्षण मोजायला पाणबुडीत लोलक घेऊन बसला. जावाजवळच्या गर्तेवर त्याला गुरुत्वाकर्षण फारच कमी भरलं, म्हणजे समुद्रतळाला काहीतरी खाली ओढत होतं. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ वादाती यांनी दाखवलं की गर्तेपासून आत सरकावं तसे भूकंप खोल होत जातात, पार शेकडो किलोमीटर. १९६२ साली अमेरिकी भूशास्त्रज्ञ हॅरी हेसने धागे जुळवले: समुद्रतळ मध्य-सागरी पर्वतरांगांपाशी जन्मतो आणि थंड, जड होऊन गर्तेपाशी पृथ्वीच्या पोटात शिरतो. तो जिथे वाकतो, तिथेच गर्ता पडते.

मग जमिनीवर तशी गर्ता का नाही? खंडाचा खडक हलका, तो सहजी बुडत नाही. भारत आणि आशिया यांच्यामधला समुद्र गिळणारी गर्ता टक्कर झाल्यावर मिटली. लडाखमध्ये सिंधूच्या काठी आजही त्या समुद्रतळाचे तुकडे डोंगरात अडकलेले दिसतात.

आपली खचदरी मात्र अजून कामात आहे. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि प्राणहिता झाल्यावर हे पाणी त्याच जुन्या खचलेल्या पट्ट्यातून बंगालच्या उपसागराकडे उतरतं. वाटेत अंबाझरीपासून पारडीपर्यंत आपण त्यात काय काय सोडतो, तो विषय वेगळा.