मुखडा झाला, अंतरा कुठंय?

लॅपटॉपवर गाणी करणाऱ्या कुणाचंही फोल्डर उघडा, 'बीट फायनल', 'बीट फायनल २', 'बीट खरंच फायनल' असल्या फायलींचा ढीग सापडेल आणि बहुतेकांत आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) एक लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजत राहणारा तुकडा, त्यात ड्रम्स, बेस, वर एखादा भारी सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आवाज), बस्स, पुढे काहीच नाही. लोक म्हणतात आळशी आहेत, चिकाटी नाही. मला नाही पटत, कारण हीच मंडळी त्या आठ बारवर रात्रीचे तीन वाजवतात.

घोळ कानात आहे, म्हणजे खरं तर मेंदूत. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते, त्याने तर अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी चिनीसारखी अक्षरं वापरली होती. आता आपला लूप बघा. १२० च्या टेम्पोला (मिनिटाला १२० ठोके) आठ बार म्हणजे १६ सेकंद, किक (ड्रमचा जाड ठोका) बदलत रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) कमीजास्त करत तासभर चालू ठेवला की तो २२५ वेळा कानावरून गेला. आणि नवा सुचलेला अंतरा? एकदा. मग तो परकाच वाटणार ना, आपण म्हणतो 'नाय जमत यार' आणि डिलीट. (लूपशी जोडणं हे माझं, झायन्सचं नाही, पण करून बघा.)

म्हणून लूपची सवय व्हायच्या आत अंतरा करायचा. प्ले बंद, मुखडा गुणगुणायचा आणि न थांबता तोंडानेच पुढे जायचं, शब्द नसले तर डमी बोल, ललला काहीही, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू. मुखडा खालच्या सुरांत फिरत असेल तर अंतरा वरच्या सा कडे न्या, आपल्याकडे बंदिशीपासून हेच चालत आलंय आणि अडलेल्या वेळी फार कामाला येतं.

दुसरी भानगड म्हणजे चाल लावतानाच मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवणं) सुरू करणं. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन या संशोधकांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं, वाजवायला लोहचुंबकाला न ओढला जाणारा छोटा कीबोर्ड दिला. पाठ केलेलं वाजवताना आणि मनाने वाजवताना मेंदू वेगळा दिसला, मनाने वाजवताना कपाळामागचा बाजूचा भाग, जो स्वतःवर नजर ठेवायचं काम करतो असं मानतात, तो बराच थंडावला होता. सहाच माणसं आणि तीही मुरलेली, त्यामुळे फार ताणू नये, पण ईक्यूचा (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करायचा) नॉब हातात घेतला की आपण परीक्षक होतो हे कुठलाही म्युझिशियन सांगेल. तेव्हा अंतरा होईपर्यंत प्लगइनला (आवाज बदलणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरला) हात नाही.

आणि उठताना? मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत अर्धवट कामाचे विचार मधेमधे डोकं खात होते, पण ते काम कधी-कसं करायचं याचा नेमका प्लॅन केल्यावर ते बरेच कमी झाले, काम न संपताच. त्यामुळे फाइल बंद करताना ट्रॅकच्या नावातच लिहून ठेवा, 'गाणं पूर्ण कर' असलं मोघम नको, 'शनिवारी सकाळी: दुसऱ्या अंतऱ्यात ढोलकी काढ, नुसती गिटार ठेव' एवढं स्पष्ट.