आगोंद

आगोंद हे दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. मडगावहून कोकण रेल्वेने काणकोण स्टेशनला उतरायचं, चावडीवरून, म्हणजे काणकोणच्या बाजारगावातून, बस नाहीतर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, धरायचा की पोचलात, पाळोळे वाटेतच पडतं पण तिथल्या गर्दीत अडकू नका. किनारा जवळपास तीन किलोमीटर लांब, दोन्ही टोकांना डोंगर उतरलेला, आणि सांत आनाची इगर्ज, म्हणजे चर्च, रस्त्यालाच लागून.

आगोंदचं नाव आहे ते कासवांमुळे. मोरजी, मांद्रे, गालजीबाग आणि आगोंद या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री बाहेर येते, मागच्या दोन पायांनी, म्हणजे वल्ह्यांनी म्हणा, मडक्यासारखा खड्डा काढते, शंभरेक अंडी सोडते आणि वाळू लोटून झाली की सगळं अंग धपाधप आपटत ती दाबून बसवते, जमीन चोपल्यासारखी. मग परत पाण्यात. पिल्लांकडे ती पुन्हा फिरकतच नाही. वनखात्याची माणसं घरट्याभोवती जाळी लावून राखण करतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, आणि नर किती माद्या किती हे ठरतं वाळूच्या उष्णतेवर, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. पिल्लं उजेड बघून चालतात, समुद्र जमिनीपेक्षा उजळ दिसतो म्हणून तिकडे जातात, त्यामुळे शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींचे, दिवे ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईलचा टॉर्च लावून पुढे सरकलो तर राखणदाराने असा झापला की अजून लक्षात आहे, आणि त्याचं बरोबरच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला सगळ्यात वरच्या अनुसूचीतलं संरक्षण आहे.

प्रवाळाच्या बाबतीत मात्र फार आशा ठेवू नये. प्रवाळाच्या आत राहणाऱ्या शेवाळाला उजेड लागतो आणि इथे पावसाळ्यात नद्या गाळ आणून ओततात, पाणी गढूळ, त्यामुळे लक्षद्वीपसारखी भिंत गोव्यात नाही, खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, तुकड्या-तुकड्यांनी प्रवाळ आहे इतकंच. डायव्हिंगवाले बहुतेक मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाकडे नेतात नाहीतर थेट कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणीला. आगोंदच्या टोकांच्या खडपांवर ओहोटीला कालवं दिसतात, खेकडे दिसतात, लहान पोरांना ते पुरतं. सकाळी होडीने बटरफ्लाय बीचच्या बाजूला गेलात तर डॉल्फिनही दिसू शकतात, गॅरंटी कुणी देत असेल तर ती धंद्याची गॅरंटी समजा.

उत्तरेला स्कूटरवर अर्ध्या तासावर खोल नावाच्या गावात काब-द-रामचा किल्ला, म्हणजे खोलगड. वनवासात राम-सीता इथे राहिले अशी समजूत आहे, नावातला राम तोच. किल्ला सौंदेकर राजांकडून १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, पुढे तुरुंग झाला आणि १९५५ पर्यंत तुरुंगच राहिला. आता जांभ्याची तटबंदी, कोरडा खंदक, गवतात आडव्या पडलेल्या तोफा. लाल दगडाच्या त्या पडझडीत एकच गोष्ट नीट चुना लावून ठेवलेली, आतली सांत आंतोनची पांढरी इगर्ज, ती अजून वापरात आहे. बुरुजावर उभं राहिलं की समुद्री गरुड खालून उडताना दिसतो, म्हणजे त्याची पाठ दिसते, पक्षी एरवी असा बघायला मिळत नाही. पाणी आणि टोपी न्या, सावली जवळजवळ नाही.

जंगलच बघायचं असेल तर त्याच तालुक्यात खोतीगाव अभयारण्य आहे, ८६ चौरस किलोमीटर, १९६८ चं. गवे, शेकरू आहेत, पण दुपारी बाराला जाऊन काही दिसलं नाही म्हणून रडायचं नाही.

जेवायला शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी. भाषा कोंकणी, मराठी सगळ्यांना कळते. पावसाळ्यात शॅक मोडून बांबूच्या मोळ्या बांधून ठेवतात, १ जूनपासून दोन महिने ट्रॉलरना बंदी असते, आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या माडाच्या चुडतांखाली झाकून वर ओढून ठेवलेल्या दिसतात.