उष्णकटिबंधातील रात्रीची वायुदीप्ती

चंद्र नसलेल्या रात्रीही आकाश पूर्ण काळे नसते. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी विघटित व आयनीभूत केलेले वायू रात्री पुन्हा संयोग पावतात आणि त्यातून मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा काही भाग क्षीण प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो, हीच वायुदीप्ती. तिच्यातील अणू-ऑक्सिजनची हिरवी रेषा, म्हणजे वर्णपटातील एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश (५५७.७ नॅनोमीटर), मुख्यतः ९५ ते १०० किमी उंचीवर, तर तांबडी रेषा (६३०.० नॅनोमीटर) सुमारे २५० किमी उंचीवर निर्माण होते.

तांबड्या रेषेवर सौरक्रियेचा प्रभाव अधिक थेट असतो. सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्राच्या कमाल काळात आयनांबरातील (वातावरणाच्या आयनीभूत वरच्या थरातील) इलेक्ट्रॉनांची घनता वाढते आणि रेषेची सरासरी तीव्रताही वाढते. मात्र उत्सर्जनासाठी लागणारा रेणवीय ऑक्सिजन खालच्या थरांतच पुरेसा असल्यामुळे, सूर्यास्तानंतर आयनांबराचा थर वर उचलला गेला की इलेक्ट्रॉन विपुल असूनही दीप्ती मंदावते आणि थर खाली येताच उजळते. त्यामुळे केवळ सौरडागांची संख्या पाहून एखाद्या रात्रीची तीव्रता सांगता येत नाही.

उष्णकटिबंधात ऋतुमान उन्हाळा-हिवाळ्यापेक्षा संपात (दिवस-रात्र समान असण्याचा काळ) आणि अयनदिन (सर्वांत मोठा वा सर्वांत लहान दिवस) यांच्या भाषेत मांडणे अधिक सयुक्तिक ठरते. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वर चढणारा प्लाझ्मा (आयन व इलेक्ट्रॉन यांचा वायू) चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंश चुंबकीय अक्षांशांपाशी उतरतो. संपातकाळी ही मांडणी बरीचशी सममित असते, तर अयनदिनांच्या सुमारास उन्हाळी गोलार्धाकडून हिवाळी गोलार्धाकडे वाहणारे वारे ती एका बाजूस झुकवतात. हिरव्या रेषेच्या बाबतीत वातावरणातील भरती-ओहोटीच्या लाटा महत्त्वाच्या: संपातकाळी प्रबळ होणारी दैनिक लाट अणू-ऑक्सिजनची वाटणी बदलते, म्हणून अर्धवार्षिक चढउतार दिसतात.

तांबड्या प्रकाशाच्या प्रतिमांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे उमटतात. विरळ प्लाझ्माचे हे 'बुडबुडे' सौरक्रिया तीव्र असताना अधिक आढळतात. भारतीय रेखांशांवर चुंबकीय दिक्पात (चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांतील कोन) अल्प असल्याने ते संपाताच्या महिन्यांत जास्त दिसतात, तर ब्राझीलमध्ये दिक्पात मोठा असल्याने डिसेंबरच्या अयनदिनाभोवती. कोल्हापूर परिसरातून असे पट्टे सर्वाकाश कॅमेऱ्याने (संपूर्ण आकाश एकाच प्रतिमेत टिपणाऱ्या कॅमेऱ्याने) टिपले गेले आहेत. मात्र पावसाळ्यात आकाश ढगाळ असल्याने तेथील प्रकाशीय निरीक्षणांत जूनच्या अयनदिनाचा काळ जवळजवळ रिकामाच राहतो.