हिमेनेस, होसे आल्फ्रेदो

(१९ जानेवारी १९२६ – २३ नोव्हेंबर १९७३). मेक्सिकन गीतकार, संगीतकार व गायक. रांचेरा या मेक्सिकन लोकप्रिय गानप्रकाराचा श्रेष्ठ रचनाकार. जन्म ग्वानाह्वातो राज्यातील दोलोरेस इदाल्गो येथे. मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने १८१० मध्ये स्वातंत्र्याची हाक दिली, ते हेच गाव. वडिलांचे तेथे औषधांचे दुकान होते. १९३६ मध्ये ते वारल्यावर कुटुंब मेक्सिको सिटीत गेले. तेथे होसे आल्फ्रेदोने उपाहारगृहात वाढप्याचे काम केले आणि ओविएदो व मार्ते या फुटबॉल संघांकडून गोलरक्षक म्हणून खेळला. १९५० मध्ये आंद्रेस उएस्का याने त्याचे ‘यो’ हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे नाव झाले.

त्याला वाद्य वाजवता येत नसे, स्वरलेखनही येत नसे. चाल तो गाऊन किंवा शीळ घालून दाखवी. मारियाची (व्हायोलिन, तुताऱ्या, गिटार यांचा मेक्सिकन वाद्यवृंद) वार्गास दे तेकालित्लान या वृंदाचा व्हायोलिनवादक रुबेन फुएन्तेस तिची वाद्यरचना करी. पट्टी आणि तालाची नावेसुद्धा होसे आल्फ्रेदोला ठाऊक नव्हती, ही आख्यायिका मात्र जपून घ्यावी. त्याच्या रचनांत तीन मात्रांचा वाल्स, चार मात्रांचा बोलेरो आणि कथनपर कोरिदो हे प्रकार नेटके वेगळे राखलेले आढळतात, आणि तालाची पक्की जाण असल्याखेरीज हे साधत नाही. वाद्यरचना फुएन्तेसची असल्याने त्याला सहरचनाकार मानावे काय, असा प्रश्न निघतो. गीताचा प्रारंभ, कडव्यांमधील व्हायोलिन-तुताऱ्यांचे तुकडे व स्वरसंवादाची भर वाद्यरचनाकाराची, तर शब्द व मूळ चाल होसे आल्फ्रेदोची, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या शब्दांतील बोलीचे वजन चालीत जसेच्या तसे उतरलेले असते. दोन्ही एकाच वेळी सुचल्याची ही खूण म्हणता येईल.

‘मारियाची’ हा शब्द फ्रेंच ‘मारियाज’ (विवाह) यावरून आला, असे पूर्वी सांगत. मेक्सिकोतील फ्रेंच लष्करी हस्तक्षेप मात्र १८६१-६२ मध्ये सुरू झाला. कोस्मे सान्ता आना या धर्मगुरूच्या त्याआधीच्या, १८५२ च्या पत्रात हा शब्द आढळल्याने ती व्युत्पत्ती मागे पडली. मेक्सिकोतील एखाद्या देशी भाषेतून तो आला असावा, हे मत आता अधिक मानले जाते.

होर्हे नेग्रेते, पेद्रो इन्फान्ते, लोला बेल्त्रान, चावेला वार्गास यांनी त्याची गीते गायिली. त्याचा स्वतःचा आवाज त्यांच्या मानाने साधा, पण शब्द स्पष्ट व खरे लागत. गीतांची संख्या काही शेकड्यांपासून हजारापर्यंत सांगितली जाते. हजाराचा आकडा फुगवलेला दिसतो. ‘एल रे’ (सु. १९७१) हे वाल्समधील गीत पुढे विसेन्ते फर्नांदेसच्या गायनाने घरोघरी पोहोचले. प्रेमभंग, मद्य, अभिमान व मरण हे त्याचे नेहमीचे विषय. ‘पालोमा केरिदा’ पत्नी हुलिया गाल्वेस हिच्यासाठी रचले.

‘कामिनोस दे ग्वानाह्वातो’मध्ये ग्वानाह्वातोतील गावे एकेक करून येतात. सालामांका गावावरून जाऊ नकोस, तेथील आठवण जखम करते, असे त्यात म्हटले आहे. त्याचा संबंध भावाच्या मृत्यूशी जोडतात. शेवटी टेकडीमागे दोलोरेस दिसू लागते आणि गायक तेथेच थांबतो.

यकृताच्या विकाराने मेक्सिको सिटीत त्याचे निधन झाले. दफन दोलोरेस इदाल्गो येथे. समाधीवर भव्य सोम्ब्रेरो (रुंद काठाची टोपी) व गीतांची नावे विणल्यासारखी गुंफलेला रंगीत कुट्टिमकामाचा (मोझेइकचा) सारापे (घोंगडीवजा शाल) आहे. समाधिलेख ‘कामिनोस दे ग्वानाह्वातो’ या गीतातला : ‘जीवनाचे मोल काहीच नाही’.