जुन्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून दुरुस्तीसाठी येणारे बहुतेक ग्राहक आम्हाला एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे चांगला चालणारा संगणक आता भंगारात काढायचा का. बहुतेकांना आमचे उत्तर ‘नाही’ असेच असते. मात्र पुढे त्यावर काय चालवावे हे सांगण्याआधी आम्ही आपल्याला आपले रोजचे काम विचारतो, कारण निवड मुख्यतः त्यावरच अवलंबून असते.

प्रथम आपले यंत्र विंडोज ११ साठी पात्र आहे का, ते पाहावे. त्यासाठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतील अथवा त्यानंतरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. ‘स्टार्ट’वर उजवी क्लिक करून ‘सिस्टीम’ उघडल्यास प्रोसेसरचे नाव दिसते. ते ‘आय५-६५००’ असेल तर तो सहाव्या पिढीचा आणि ‘आय५-८२५०यू’ असेल तर आठव्या पिढीचा समजावा. टीपीएम पुष्कळदा यंत्रात असते, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेले असते, म्हणून केवळ ‘पात्र नाही’ हा संदेश पाहून निराश होऊ नये. अपात्र यंत्रावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याचे काम मात्र आम्ही घेत नाही, कारण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे किंवा ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन रोज लागते, त्यांनी घाईने विंडोज सोडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून नोंदणी केल्यास घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे. त्या अवधीत पुढील व्यवस्था शांतपणे करता येते.

मराठी मजकुराचा मुद्दा आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका डीटीपी व्यावसायिकांच्या संगणकावर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) बसवून दिले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुनी लग्नपत्रिका उघडली, तेव्हा वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि कंस यांची निरर्थक रांग दिसली. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी साठवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की मजकूर वाचता येत नाही. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकल्यावर मजकूर पुन्हा नीट दिसला, परंतु त्यांचे टायपिंगचे आणि पानजुळणीचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असल्याने अखेरीस आम्हाला विंडोज परत बसवावे लागले. आता काम हाती घेण्यापूर्वी आम्ही आपल्या दोन-तीन जुन्या फाइली मागतो. जे युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर वाचता येतो अशा पद्धतीत) इन्स्क्रिप्ट या कळफलकाने टाइप करतात त्यांना ही अडचण येत नाही, कारण तोच कळफलक लिनक्समध्येही मिळतो.

ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल, पत्रलेखन, मुलांचा अभ्यास आणि व्हिडिओ एवढ्यापुरते आहे, त्यांना आम्ही लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. तिला शुल्क नाही, किमान २ जीबी रॅम लागते (४ जीबी असल्यास काम सुखाने होते), मांडणी विंडोजची सवय असलेल्यांना परकी वाटत नाही आणि २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पत्रे व तक्ते यांसाठी लिबरऑफिस त्यात आधीपासूनच असते. हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहता येते, तेव्हा दुकानातच अर्धा तास बसून आपला प्रिंटर, वायफाय आणि आवाज तपासून घ्यावा. प्रिंटर अवश्य सोबत आणावा, कारण काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात आणि ते घरी गेल्यावर कळण्यात अर्थ नाही.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याचा खर्च आधी करावा. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ त्याने जितका कमी होतो तितका कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमने होत नाही. केवळ ३२-बिट (जुन्या प्रकारचा) प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर मिंटची सध्याची आवृत्ती चालत नाही. त्यांवर अँटीएक्ससारखी हलकी प्रणाली बसते, पण १ जीबी रॅमवर आजची संकेतस्थळे समाधानकारक उघडत नाहीत, म्हणून अशा यंत्रावर पैसे घालू नयेत असे आम्ही सांगतो.

संगणक आमच्याकडे देण्यापूर्वी छायाचित्रे, टॅलीचा डेटा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ते जमत नसल्यास यंत्र देतानाच तसे सांगावे, म्हणजे ती प्रत आपल्यासमोर उघडून दाखवल्यानंतरच आम्ही जुनी डिस्क पुसू.