पार्श्वभूमी : त्सुमेबचा सेरुसाइट आणि त्याच्या ताऱ्याचा घोळ

सेरुसाइट म्हणजे शिशाचे कार्बोनेट असलेले खनिज; हे नाव 1845 मधले. पण संग्राहकांना त्याचा लळा लागला तो नामिबियातल्या त्सुमेब खाणीमुळे. तिथे 1907 मध्ये मोठ्या प्रमाणावर खनन सुरू झाले आणि 1996 मध्ये खाण बंद पडली. गॅलेना (शिशाचे सल्फाइड) हवा-पाण्याने कुजतो, आधी अँग्लेसाइट (शिशाचे सल्फेट) होतो आणि कार्बोनेटयुक्त पाणी मिळाले की सेरुसाइट. हे सहसा जमिनीलगत घडते. त्सुमेबला मात्र असा बदल झालेले पट्टे एकाखाली एक तीन सापडले, म्हणून खूप खोलातूनही ताजे, पारदर्शक स्फटिक येत राहिले.

विशिष्ट गुरुत्व 6.55, म्हणजे क्वार्ट्‌झच्या जवळजवळ अडीचपट. नमुना हातात घेताच वजनाने ओळख पटते. प्रणमनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) 1.80 ते 2.08, त्यामुळे चमक हिऱ्यासारखी. कठिनता मात्र 3 ते 3.5 आणि ठिसूळपणा फार.

खरा वाद आहे तो चांदणीसारख्या जुळ्यांचा, म्हणजे ठरावीक कोनात एकमेकांत जोडून वाढलेल्या स्फटिकांचा. सहा हात दिसतात म्हणून बाजारात त्यांना ‘सिक्सलिंग’, म्हणजे सहांचे जुळे, म्हणतात. जुन्या वर्णनांत ‘ट्रिलिंग’ आहे, म्हणजे तिघांचे जुळे. बाजारातले नाव आता लेबलांवरही चढले आहे आणि ते बरोबर नाही. या खनिजाच्या स्तंभफलकांमधला (स्फटिकाच्या उभ्या बाजूंमधला) लघुकोन 62°46′ आहे, 60° नव्हे. मधल्या स्फटिकाशी दोन्ही बाजूंचे स्फटिक नियमाने जुळतात, प्रत्येकी 62°46′ वर. उरलेल्या जागेत कोन येतो 54°28′, आणि तिथले दोघे एकमेकांचे जुळे नसतातच. कोनमापक लावला तर सहा कोनांत चार मोठे, दोन लहान निघतात. चांदणी पातळ आणि पारदर्शक असेल तर काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझिंग फिल्ममध्ये ठेवून फिरवा : समोरासमोरचे हात एकदमच काळे होतात, कारण तो एकच स्फटिक आरपार गेलेला असतो. हात सहा, स्फटिक तीन. लेबलावर ‘ट्रिलिंग’च लिहावे.

जपणुकीबाबतची समजही उशिराच आली. अल्ट्रासॉनिक यंत्रात हे हात सांध्यावर तुटतात. कोमट पाण्यातून गार पाण्यात नेले तरी तडा जातो; धुण्याचे पाणी खोलीच्या तापमानाचेच हवे, ब्रश मऊ. आपल्याकडे अपोफिलाइट या खनिजावरचा कॅल्साइट (चुन्याचे कार्बोनेट) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढतात. तीच सवय इथे चालवली तर स्फटिकावर लेड क्लोराइडचा पांढरा थर बसतो आणि चमक कायमची जाते. नायट्रिक आम्लात तर नमुना फसफसून विरघळूच लागतो. पडलेला चुरा कोरडा झाडू नये, ओल्या कागदाने टिपावा आणि आपले हात साबणाने धुवावेत. कारण सेरुसाइटमध्ये वजनाने तीन चतुर्थांशाहून जास्त विषारी शिसे असते.